पुण्याच्या हवेत बोहेमियन बेडरूम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात लोकांना त्यांच्या खोल्या लावायला मी मदत करते. बेडरूमबद्दल कुणी सदाशिव पेठेतून विचारतं, कुणी वाकडच्या पंधराव्या मजल्यावरून, पण प्रश्न फिरून फिरून हेच येतात. ते जसे आले तसेच ठेवले आहेत. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. बोहेमियन म्हणजे नक्की काय? रंगीबेरंगी उशा आणि लोंबणारे गोंडे एवढंच ना?

नाही. बोहेमिया हा आजच्या चेक प्रजासत्ताकातला प्रदेश. फ्रान्समध्ये आलेले रोमा भटके तिथूनच आले असा फ्रेंचांचा समज होता, म्हणून त्यांना ते नाव पडलं. पुढे एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये स्वस्त भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या चित्रकारांना आणि कवींनाही लोक तेच म्हणू लागले. पैसे नसत, हौस मात्र असे. जे मिळालं, जे कुणी दिलं, जे स्वतः केलं, ते एका खोलीत नांदायचं. ही शैली तिथून आली.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट निराळीच आहे. रोमा लोकांचे पूर्वज भारतातून गेलेले. त्यांच्या भाषेत माणसाला 'मनुष', नाकाला 'नाख' आणि पाण्याला 'पानी' म्हणतात. त्यामुळे बोहेमियन खोलीत गोधडी टाकली की ती परकी शैली आपण 'देशी' करतोय असं मला कधीच वाटत नाही.

हल्ली या शैलीला 'मॉडर्न बोहेमियन' म्हणतात, त्यातल्या 'मॉडर्न' या शब्दाचा अर्थ मोकळी जागा. भिंती शांत, जमीन बरीचशी रिकामी, पलंग-कपाट साध्या रेषांचं आणि त्यावर मोजक्याच बोलक्या वस्तू. दुकानातून एका दिवसात आणलेला अख्खा 'बोहो सेट' ('बोहो' म्हणजे बोहेमियनच) मला पटत नाही. त्या खोलीत कोण राहतं हे मग कळतच नाही.

२. आमची बेडरूम १० बाय ११ फूट आहे, त्यात कपाट. एवढ्यात कसं बसवणार?

बसतं. फक्त भर जमिनीवरून काढून कापडावर आणि भिंतींवर द्यायचा. सरळ हिशोब करू. क्वीन आकाराचा पलंग ५ फूट रुंद, साडेसहा फूट लांब. डोक्याची बाजू १० फुटी भिंतीच्या मधोमध लावली तर दोन्हीकडे अडीच-अडीच फूट राहतात आणि पायाशी साडेचार. समोर २ फूट खोल कपाट असेल तर मधे उरले अडीच फूट. कपाटाचं दार उघडतं, माणूस उभा राहतो, संपलं. तिथे मोडा (वेताचं गोल बैठं आसन), वेताची टोपली, चादरी टांगायची शिडी यातलं काहीही येत नाही. झुलती खुर्ची तर डोक्यातूनच काढा.

सतरंजी ५ बाय ८ ची घ्या आणि आडवी घाला. उशांकडची २ फूट जागा सोडून उरलेल्या पलंगाखाली ती जाते आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट बाहेर येते. सकाळी पाय गार फरशीवर पडत नाही. ४ बाय ६ ची घातलीत तर दोन्हीकडून अर्धा अर्धा फूट डोकावेल, आणि ते पायपुसण्यासारखं दिसतं. तेवढंच बजेट असेल तर पलंगाच्या दोन्ही बाजूंना दोन अरुंद पट्ट्या टाका. जाड गालिचा नको, दार त्यावर अडतं.

बाजूला टेबल ठेवायला जागा नसेल तर घरातला जुना लाकडी पाट दोन ब्रॅकेटांवर बसवा. पाण्याचं भांडं, चष्मा, पुस्तक एवढं त्यावर मावतं.

३. सुरुवात कुठून करू? आधी काय विकत घ्यायचं?

आधी काहीच घेऊ नका. शिडी लावून माळ्यावरचं सामान खाली काढा. पत्र्याची ट्रंक, पितळी डबे, लग्नात आलेली सोलापुरी चादर, कुणी वापरत नाही ते घोंगडं, आजीचा अडकित्ता, सूप, परडी. सगळं एका जुन्या चादरीवर मांडा आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. येता-जाता ज्या तीन-चार वस्तूंकडे हात जातो, त्या खोलीत न्यायच्या. बाकीचं परत वर.

मग बघा काय कमी आहे. बहुतेक घरांत पडदे आणि दिवे कमी पडतात, उशा कधीच नाहीत. दिव्यांचं प्रश्न १३ मध्ये आहे.

४. रंग कोणते घेऊ? सगळे मिसळले की भडक होतं.

भडक होतं कारण सगळे रंग सारख्याच जोराने बोलतात. भिंत आणि मोठं कापड शांत ठेवा: मोतिया, बदामी, कोऱ्या खादीचा पांढरा. एक रंग मुख्य धरा आणि तो खोलीत तीन ठिकाणी दिसू द्या. मग एखादा चुणचुणीत रंग अगदी थोडा.

आपल्याकडे साड्यांमुळे रंगांना इतकी नेमकी नावं आहेत की मी गिऱ्हाइकांना कंपनीच्या रंगपट्टीऐवजी तीच विचारते. 'निळा' म्हटलं की दहा जण दहा रंग डोळ्यांसमोर आणतात, 'मोरपंखी' किंवा 'चिंतामणी' म्हटलं की वाद मिटतो. माझ्या अनुभवात चांगल्या जमलेल्या जोड्या: विटकरी आणि शेवाळी, आमसुली आणि हळदी, बदामीवर थोडा गुलबक्षी. डाळिंबी फार सुंदर, पण पश्चिमेच्या खिडकीशी ठेवला तर दोन उन्हाळ्यांत विटतो.

गेरूच्या रंगाची एक भिंत अनेकांना हवी असते. छान दिसते, पण ती उशामागची करा. झोपताना समोर गडद भिंत असली की लहान खोली अंगावर येते.

५. दुहेरी पलंगाची गोधडी करायला किती साड्या लागतात?

साधारण चार. सहावारी साडी साडेपाच मीटर लांब आणि सव्वा वारापेक्षा थोडी कमी, म्हणजे १.१ मीटर रुंद धरा. मधोमध कापून दोन्ही तुकडे शेजारी जोडले की २.७ बाय २.२ मीटरचा एक थर होतो. क्वीन पलंगावरून तो दोन्ही बाजूंना फूटभर खाली येतो. पुण्यासाठी असे तीन किंवा चार थर पुरतात. चारांच्या वर गेलात तर ती धुताना दोन माणसं लागतात, आणि धुतल्यावर पिळता येत नाही.

साड्या वापरून मऊ झालेल्या, सुती हव्यात. नायलॉन किंवा जॉर्जेट मधे घातलं तर थर एकमेकांवरून सरकतात आणि दोन धुण्यांनंतर गोळा होतात. धावदोरा बाहेरच्या कडेने सुरू करून गोल गोल आत न्यायचा, आपल्याकडच्या बायका पूर्वीपासून तसाच घालतात. मशिनवर सरळ रेषा मारून मिळणारी गोधडी टिकते, पण हाताच्या टाक्यांनी जी बारीक चुरगळ येते ती तिला नसते, आणि ऊबही त्या चुरगळीतच धरून राहते.

आईच्या किंवा आजीच्या साडीला कात्री लावायला मन होत नसेल तर आधी प्रश्न २० वाचा.

६. पैठणी किंवा खणाचं कापड भिंतीवर लावलं तर चालेल?

खण अगदी चालेल. कर्नाटकातल्या गुळेदगुड्ड्याकडून येणारं हे कापड मुळात चोळीच्या मापाचं, म्हणजे लहान. चार वेगळ्या रंगांचे तुकडे साध्या लाकडी चौकटींत ताणून एका ओळीत लावले की उशामागची भिंत उभी राहते. उशांच्या अभ्र्यांनाही ते चांगलं, पण झोपायच्या उशीला नाही. गालाला टोचतं.

पैठणीचं मात्र सांभाळून. खरी रेशमी आणि जरीची असेल तर तिला ऊन आणि दमट हवा दोन्ही बाधतात. खिळ्याला किंवा क्लिपला टांगली की सगळं वजन एका रेषेवर येऊन रेशीम तिथेच विरतं. लावायचीच तर फक्त फाटक्या साडीचा वाचलेला पदर घ्या, मागे मलमल शिवा, वर कापडाची नळी करून त्यातून काठी ओवा, आणि सावलीतली भिंत निवडा. नेसण्याजोगी पैठणी नेसावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

७. पुण्यात या वस्तू कुठे मिळतील?

मॉलच्या आधी पेठांत चक्कर मारा. एका सकाळी होण्यासारखं आहे, चालत.

कसबा पेठेतल्या तांबट आळीत हातोडीच्या ठोक्यांचा आवाज ऐकूनच रस्ता सापडतो. तांब्यावर ठोके देऊन जी खळगेदार चमक आणतात त्याला मठाराचं काम म्हणतात. तिथला एखादा घंगाळासारखा तांब्याचा वाडगा दिव्याशेजारी ठेवा, रात्रीचा उजेड त्याच्यावर थरथरतो. भाव करा, पण माणसाच्या एका दिवसाची मजुरी मनाशी धरून करा. कुंभारकाम हवं तर कसबा पेठेतला कुंभारवाडा आणि मुंढव्याच्या केशवनगरातले कुंभार.

बांबूसाठी बुरुड आळी. सुपं, दुरड्या, टोपल्या, चटया, खिडकीचे बांबूचे पडदे. खिडकीचं माप कागदावर लिहून न्या आणि इंचात न्या. दुरडीला तळाशी भोक पाडून दिव्याची टोपी करून द्या म्हटलं तर करून देतात. सुती दोरी, लाकडी मणी, कड्या, हुक हे सगळं रविवार पेठेत बोहरी आळीच्या परिसरात. तुळशीबागेत लहानसहान पितळी वस्तू आणि आरसे मिळतात, कापडासाठी लक्ष्मी रोड आहेच.

बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार हा माझा सगळ्यात लाडका. जुन्या खिडकीची चौकट, दाराच्या कड्या, कंदील, मोडका आरसा. सकाळी लवकर जा आणि लाकडाची वस्तू घेतलीत तर आधी नखाने टोकरून बघा. बारीक भोकं आणि पूड दिसली तर ती परत ठेवा, नाहीतर ती कीड घरातल्या कपाटात शिरेल.

घोंगडी आणि हाताची गोधडी थेट करणाऱ्यांकडून घ्यायची असेल तर डिसेंबरातल्या भीमथडी जत्रेची वाट पाहा. झाडांसाठी सोलापूर रस्त्यावरच्या रोपवाटिका.

आणि खरेदीला निघण्याआधी बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक दुपार घालवा. तिथे दिवे, अडकित्ते, कोरीव दारं बघून आलात की बाजारात काय उचलायचं आणि काय सोडायचं हे डोळाच सांगतो.

८. मॅक्रमे घरी करायचं आहे. दोरी किती लागते?

मॅक्रमे म्हणजे दोरीला गाठी मारत केलेलं शोभेचं काम. तयार लांबीच्या आठपट दोरी कापा, कारण ती काठीवर दुमडून अडकवली की निम्मी होते आणि उरलेली गाठींत जाते. दोन फूट लांबीचं करायचं असेल तर प्रत्येक दोरी १६ फूट. अशा २० दोऱ्या म्हणजे ३२० फूट, जवळजवळ १०० मीटरचं एक रीळ. ४ मिलिमीटरच्या दोरीचं त्यातून वीतभर रुंदीचं काम होतं. लोक नेहमी कमी दोरी आणतात, मग दुसऱ्या रिळाचा पांढरा पहिल्याशी जुळत नाही.

पहिल्यांदा करत असाल तर फक्त चौकोनी गाठ शिका. तिच्या एकाआड एक ओळींवरच पूर्ण तुकडा होतो. नायलॉनची चमकदार दोरी नको, गाठी सुटतात.

९. घर भाड्याचं आहे, मालक एकही खिळा मारू देत नाहीत. मग?

अकरा महिन्यांच्या करारात राहणाऱ्यांसाठी ही शैली खरं तर सोयीची, कारण तिचं सगळं सामान उचलून नेता येतं. भिंतीला टांगण्याऐवजी टेकवा: मोठा आरसा, बांबूची शिडी, चौकटी. पडद्याचा रॉड बहुतेक घरांत आधीच असतो, त्याच्या एका टोकाला मॅक्रमे किंवा हलकी कुंडी अडकवा. कपाटाच्या वरच्या कडेवरून दुमडून येणारे हुक मिळतात, कपाटाच्या बाजूवर कापड छान बसतं.

चिकटवायच्या हुकांबद्दल सावध राहा. डिस्टेंपरच्या भिंतीवर ते धरत नाहीत आणि पुट्टी कच्ची असेल तर काढताना तळहाताएवढा पोपडा घेऊन येतात. डिपॉझिट मग त्यातच जातं. आधी कपाटामागे एक लावून आठवडाभर ठेवा, मग ठरवा. आणि घरात शिरलात त्या दिवशीच भिंतींचे फोटो काढून मालकांना पाठवून ठेवा.

१०. नवा फ्लॅट स्वतःचा आहे, पण ड्रिल केलं की भिंत भुग्यासारखी येते. टांगायचं कसं?

नव्या इमारतींत आतून जिप्समचा गिलावा असतो. तो मऊ, त्यात स्क्रू धरत नाही. भोक त्याच्या पलीकडे विटेत किंवा ब्लॉकमध्ये जाईल इतकं खोल घ्या आणि प्लगही तेवढा लांब वापरा. भिंत हलक्या राखाडी ब्लॉकची असेल तर हॅमर बंद ठेवून ड्रिल करा आणि त्या ब्लॉकसाठीचे वेगळे प्लग मागा. साधे प्लग काही दिवसांत गोल फिरायला लागतात. उलट मायवान पद्धतीने बांधलेल्या इमारतीत भिंत पूर्ण काँक्रीटची असते, तिथे हॅमर ड्रिलशिवाय गत्यंतर नाही. तशा भिंतीत वायरीची नळीही आतच ओतलेली असते, म्हणून स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक कधीही पाडू नका.

पलंगाच्या डोक्यावर जड काहीही नको. आरसा नको, कुंडी नको, जाड चौकट नको. तिथे कापड.

११. पावसाळ्यात ताग, वेत, बांबू, घोंगडं या सगळ्याचं काय करायचं?

हा प्रश्न दर जूनमध्ये येतो, आणि मला वाटतं तो जानेवारीत, खरेदीच्या वेळीच विचारायला हवा. कुठलंही मासिक बघून खोली लावा, पण पुण्यात जून ते सप्टेंबर हवा ओली असते आणि या शैलीतलं जवळजवळ सगळं सामान ओल पिणारं आहे.

मी स्वतः एका वर्षी भर जुलैत तागाचा मोठा गालिचा आणला. दुकानदाराने सांगितलं, काही होत नाही. तिसऱ्या आठवड्यात खोलीला ओल्या पोत्याचा वास येऊ लागला, उलटून बघितलं तर खाली हिरवट बुरशी. उन्हात टाकायला ऊनच नव्हतं. तो गालिचा गेला. तेव्हापासून माझा क्रम असा आहे.

मृग लागायच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, ताग आणि लोकर दोन दिवस कडक उन्हात. मग गुंडाळून जुन्या सुती चादरीत बांधायचं. प्लास्टिकमध्ये कधीच नाही, आतली ओल आतच कोंडते. बांधताना घोंगड्यात कडुनिंबाचा सुकलेला पाला घालायचा, कारण लोकरीला कसर लागते. घोंगड्याला विणताना चिंचोक्याची खळ दिलेली असते, त्यामुळे नवं घोंगडं जास्त लक्ष देऊन वाळवा. चार महिने जमिनीवर फक्त पातळ सुती सतरंजी ठेवायची, धुता येईल आणि पंख्याखाली वाळेल अशी.

बांबू आणि वेत भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा. दर आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसा. पांढरी बुरशी दिसली तर आधी कोरड्या ब्रशने, तीही गॅलरीत, मग व्हिनेगरच्या फडक्याने आणि लगेच पंख्याखाली. बांबूतून पिवळसर पूड गळायला लागली तर तो वेगळा प्रकार, आत कीड आहे. ती वस्तू त्याच दिवशी खोलीबाहेर.

आणि हे सगळं परत बाहेर कधी काढायचं हे आपल्या घरांना आधीच ठाऊक आहे. घट बसायच्या आधी गोधड्या-वाकळा धुवायची आपली रीत. नंतरची ऑक्टोबरची उन्हं त्यासाठीच असल्यासारखी पडतात. त्या आठवड्यात गालिचा उघडा.

१२. भिंतीला ओल आहे. त्यावर मोठं कापड टांगून झाकलं तर?

नको. कापडामागे हवा खेळत नाही, बुरशी दुप्पट पसरते आणि तुम्ही तिच्याशेजारी आठ तास श्वास घेता. आधी गच्ची, पाइप किंवा बाहेरच्या भिंतीची भेग शोधून दुरुस्त करा. एक कोरडा उन्हाळा जाऊ द्या. मग टांगा.

१३. दिवे कसे असावेत? फोटोंतल्यासारखा उजेड आमच्याकडे पडतच नाही.

कारण वरची पांढरी ट्यूब चालू असते. ती राहू द्या, केर काढायला आणि सुईत दोरा ओवायला लागतेच, पण संध्याकाळनंतर बंद. त्याऐवजी तीन लहान दिवे, सगळे डोळ्यांच्या पातळीच्या खाली: एक उशीशी वाचायला, एक कोपऱ्यात जमिनीजवळ, एक आरशाच्या किंवा तांब्याच्या भांड्याच्या शेजारी. बल्बच्या खोक्यावर २७०० केल्विन लिहिलेलं बघून घ्या. ६५०० म्हणजे दवाखान्याचा उजेड.

बांबूच्या, कापडाच्या किंवा कागदी टोपीत फक्त एलईडी. जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब इतका तापतो की टोपी काळी पडते. लाइटच्या माळा कापडावर गुंडाळू नका, एकीला दुसरी, दुसरीला तिसरी जोडत नेऊ नका, वायर सतरंजीखालून नेऊ नका आणि झोपताना बंद करा. पेटती मेणबत्ती या खोलीत मला अजिबात मान्य नाही. सगळीकडे सूत आणि ताग असतो.

१४. कोणती झाडं ठेवू? रात्री ऑक्सिजन देणारी हवीत.

दोन-तीन कुंड्यांनी खोलीतल्या हवेत जाणवेल असा फरक पडत नाही, रात्री नाही आणि दिवसाही नाही. झाड बघायला बरं वाटतं म्हणून ठेवा, तेवढं कारण पुरेसं आहे. कमी उजेडात स्नेक प्लांट आणि झेडझेड तग धरतात. पूर्वेच्या खिडकीशी मनी प्लांट पसरतो. फोटोंतला मॉन्स्टेरा दोन वर्षांत ३-४ फूट जागा मागतो, प्रश्न २ मधला हिशोब आठवा.

घरात रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर मनी प्लांट, झेडझेड, मॉन्स्टेरा तिघंही नकोत, पानं चावली तर तोंडाची आग होते. त्याऐवजी स्पायडर प्लांट किंवा अरेका पाम.

कुंडीखालच्या बशीतलं आणि काचेच्या बाटलीतलं पाणी आठवड्यातून एकदा न चुकता बदला. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो.

परदेशातून येणाऱ्या महागड्या पॅम्पास गवताऐवजी पावसाळा सरताना आपल्या नदीकाठांवर फुलणारं कास पाहा. उंच मातीच्या बरणीत आठ-दहा तुरे सुंदर दिसतात. ते केस गाळतात, म्हणून दमा असलेल्या घरात तेही नको.

१५. पलंगावर छतापासून पांढरी जाळी सोडायची आहे. पंखा आहे, चालेल का?

छतातून मधोमध सोडलेली जाळी पंख्यात अडकू शकते, तो धोका घेऊ नका. त्याऐवजी पलंगाच्या चार कोपऱ्यांना बांबू किंवा पाइप बांधा आणि त्यावर सुती मच्छरदाणी, पंख्याच्या पात्यांपासून निदान दोन-अडीच फूट खाली. आपल्याकडे हिचा खरा उपयोगही आहे. दिवसा कोपऱ्यांशी गुंडाळून खणाच्या पट्टीने बांधली की शोभेचं काम आपोआप होतं.

१६. पलंग काढून जमिनीवरच गादी टाकली तर? किंवा पॅलेटचा पलंग?

फरशीवर थेट गादी टाकली तर पावसाळ्यात खालून ओल धरते, विशेषतः तळमजल्यावर. रोज सकाळी उभी करणार असाल तरच. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी विचारही करू नये.

पॅलेट, म्हणजे कारखान्यात ज्यावर माल रचतात त्या लाकडी चौकटी, चांगले, आणि भोसरी-चाकणच्या कारखान्यांमुळे पुण्यात सहज मिळतात. त्यांवर शिक्का बघा: 'एचटी' म्हणजे लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेलं, ते घ्या. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते झोपायच्या खोलीत आणू नका. शिक्काच नसेल, किंवा तेलाचे डाग असतील, तरी नको. घासून, गोल कडा करून, मगच गादी.

१७. वारली चित्र भिंतीवर स्वतः काढलं तर? आणि पायपुसण्यावर, सतरंजीवर वारली छापलेलं असतं ते घ्यावं का?

भिंतीवर काढा. गेरूच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा, ही मूळ रीत. पण पिठाचं चित्र घरात टिकत नाही, मुंग्या येतात, म्हणून पांढरा रंग वापरा. चौक मात्र मी काढत नाही. तो लग्नघरात सवाशिणी काढतात, त्यात पालघाट देवी असते, ती शोभेची नक्षी नाही. नाचाचा फेर, झाडं, शेतातली कामं, यांत काढण्यासारखं खूप आहे. त्याच कारणाने पायाखाली वारली मला नको वाटतं.

जमलं तर पालघरकडच्या चित्रकाराने काढलेलं एक लहान चित्र विकत घ्या. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्यानंतर तिथे हातात ब्रश धरणारे पुष्कळ आहेत. छापील पोस्टरपेक्षा त्या एका कागदाने भिंत जास्त भरते.

१८. शेजारी बांधकाम चालू आहे. एवढ्या कापडावर धूळ बसणार नाही का?

बसणारच. म्हणून मशिनमध्ये धुता येत नाही असं कापड एकच ठेवा. बाकी सगळं दोन आठवड्यांनी धुवा. ब्लॉक प्रिंटचं कापड पहिल्या दोन-तीन वेळा वेगळं, गार पाण्यात. गोंडे-झालरी शक्यतो टाळा. घरात कुणाला दमा असेल तर गालिचाही नको. फक्त सुती चादर, एक गोधडी आणि रंगीत भिंत एवढ्यावरही ही शैली उभी राहते, मी करून दिलेली आहे.

१९. सासूबाईंना हे सगळं 'पसारा' वाटतं. आणि पलंगासमोर आरसा नको म्हणतात.

पसारा वाटतो तेव्हा बऱ्याचदा तो असतोच. प्रत्येक सपाट जागेवर तीनच वस्तू ठेवून बघा, बाकीच्या ट्रंकेत. दोन महिन्यांनी बदला.

आरशाचं म्हणाल तर त्या म्हणतात तसं करा. वास्तू मानत नसलात तरी रात्री अर्धवट झोपेत समोर काहीतरी हललेलं दिसलं की दचकायला होतं. आरसा खिडकीच्या काटकोनातल्या भिंतीला टेकवा, खोलीत उजेडही जास्त येईल. आणि त्यांना एकदा विचारा, तुमच्या माहेरी झोपायच्या खोलीत काय काय असायचं? कोनाड्यातला दिवा, खुंटीवरचं घोंगडं, वळकटीवर टाकलेली वाकळ, असं सांगतील. मी ज्या ज्या घरात हे विचारलं तिथे पुढच्या भेटीपर्यंत त्यांनी स्वतः काहीतरी शोधून काढून ठेवलेलं होतं.

२०. आजी गेल्या वर्षी गेली. तिच्या साड्या कपाटात आहेत. गोधडी करावीशी वाटते, पण कापवत नाही.

मग कापू नका. न कापताही गोधडी होते, एकेरी. सहावारी साडी लांबीत दुमडली की २.७ बाय १.१ मीटरचा दुहेरी थर तयार होतो, एका माणसाला अंगावर घ्यायला पुरेसा. आत तिचीच दुसरी साडी तशीच दुमडून घाला, म्हणजे चार थर झाले. नऊवारी असेल तर तिहेरी दुमडा, तीन थर होतात आणि एकाच साडीत भागतं. कडा आत वळवायच्या, आधी मोठ्या कच्च्या टाक्यांनी बांधून घ्यायचं, मग धावदोरा, फार दाट नाही. शिवण्याआधी साडी धुवायची की नाही हे तुम्ही ठरवा. बरेच जण एक न धुता ठेवतात.

साडी फार विरली असेल तर वरून एक जुनी मलमल लावा आणि तिला आत राहू द्या. दोरा सुतीच घ्या आणि गाठ बाहेरच्या बाजूला ठेवा. पुढे कधी वाटलं तर ती गाठ कापून दोरा ओढून काढायचा, साडी पुन्हा अखंड हातात येते.